अँथ्रोचं फील्डवर्क वनहक्काच्या कामात

तुम्ही विचारलंय की एमएला अँथ्रो (मानववंशशास्त्र) केलं पण आता सामाजिक संस्थांमधे याचा उपयोग काय, नुसते सर्व्हेचे फॉर्मच भरायला लावतील का. अजिबात नाही हो. मी नाशिकला असते, सुरगाणा-पेठकडे वनहक्काच्या दाव्यांचं (कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मागणारे अर्ज) काम करते आणि तिथे सगळ्यात जास्त कामाला आलं ते वंशावळ काढणं, म्हणजे घरातल्या पिढ्या, लग्नं विचारत जुनी सालं जुळवणं. 2006च्या वनहक्क कायद्याप्रमाणे आदिवासी दावेदाराचा कब्जा 13 डिसेंबर 2005च्या आधीचा दाखवावा लागतो, कागद नसला की गाडी तिथेच अडते. पण याच कायद्याच्या 2008च्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबपण पुरावा धरलाय (तो एकटा पुरत नाही, जोडीला अजून काहीतरी लागतंच). आता आजीला थेट विचारलं जमीन कधीपासून कसता तर ती म्हणणार लई वर्षं झाली, तेच 72च्या दुष्काळात या तुकड्यात नागली होती का, थोरल्याच्या लग्नात बांध घातलेला होता का असं बोलत बसलं की सालं आपोआप जुळत जातात, आणि ते बोलणं तुम्हाला येतं, ते दोन दिवसांच्या ट्रेनिंगमधे कुणाला शिकवता येत नाही.

दुसरं म्हणजे माणसं कधी कुठे असतात हे फील्डवर्क केलेल्याला कळतं. दिवाळीनंतर बरीच माणसं दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामाला जातात, तेव्हा पाड्यावर जाऊन केलेला सर्व्हे अर्धाच. हे संस्थेच्या मीटिंगमधे ठासून सांगा.

फक्त लिहिणं बदलावं लागेल, थिसिससारखं चालत नाही, ग्रामसभेत वाचून दाखवता येईल अशी दोन पानी मराठी नोट लिहायची सवय आत्तापासून लावा.