केएच (पाण्यातलं कार्बोनेट) वाढवलं तरी टिकत नाही, हीटरवर पांढरा थर (२०० लिटर रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या प्रवाळांचा)

राजारामपुरी_रीफ:
टँक १२०×४५×४५ सेंमी, दगड-वाळू वजा जाता पाणी साधारण २०० लिटर. प्रवाळांत झोआ, दोन हॅमर, एक माँटिपोरा. आजचे आकडे: ग्रॅव्हिटी (पाण्याची सापेक्ष घनता) १.०२३, केएच ६.१, कॅल्शियम ३८०, मॅग्नेशियम ११२० (दोन्ही लिटरला मिलिग्रॅम), तापमान २६, पीएच सकाळी ७.८. केएच वाढवणारं बाटलीतलं बफर टाकलं की संध्याकाळी केएच ८.५ दिसतं, परवापर्यंत पुन्हा ६. हीटरवर आणि रिटर्न पंपावर खरखरीत पांढरा थर बसलाय, वाळूची ढेकळं झालीत. पाणी घरच्या आरओचं. पीएच वाढवायला काय टाकू?

मीठमोजणी:
पीएच तूर्तास सोड भावा, आधी मीठ बघ. १.०२३ म्हणजे हजार भागांत साडेतीस भाग मीठ. समुद्राचं पाणी ३५, म्हणजे १.०२६. त्यात मॅग्नेशियम १२९० च्या आसपास असतं. तेच साडेतीसला काढलंस तर ११२५ येतं. तुझं ११२०. म्हणजे मॅग्नेशियम कुठे गेलेलं नाही, पाणीच पातळ आहे. मॅग्नेशियमची बाटली विकत घेऊ नकोस.

तरी रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचा मीटर) एकदा ३५ च्या कॅलिब्रेशन द्रावणावर जुळवून घे. नुसत्या आरओ पाण्यावर शून्याला जुळवलेला मीटर वरच्या टोकाला चुकू शकतो.

मीठ थेट टँकमध्ये टाकायचं नाही. रोज उडून गेलेलं पाणी भरताना साध्याऐवजी ३५ चं खारं पाणी भर. एकूण ९०० ग्रॅमच्या आसपास मीठ जायला हवं. रोज अडीच लिटर उडत असेल तर नऊ-दहा दिवसांत होईल, आणि त्याहून घाई नको. एवढ्यानेच मॅग्नेशियम १२८०, कॅल्शियम ४३० आणि केएच सातच्या आसपास येईल. १.०२६ झालं की परत साधं पाणी.

आता थर. बफर एकदम ओतलं की त्या जागी कार्बोनेट भसकन वाढतं आणि कॅल्शियमला धरून खाली बसतं. मॅग्नेशियम पुरेसं असेल तर ते कॅल्शियम कार्बोनेटच्या कणांवर बसून त्यांची वाढ रोखतं. तुझ्याकडे पाणी पातळ, म्हणून ते कमी. गरम पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट कमी विरघळतं, म्हणून पहिला मान हीटरचा. तुझं केएच प्रवाळांनी नाही, हीटरने खाल्लंय. हीटर बंद करून गार होऊ दे, मग तो आणि पंप व्हिनेगर-पाणी निम्मं-निम्मं करून तासभर बुडव आणि स्वच्छ धू.

दोन_बाटल्या:
वरचं सगळं झाल्यावरच डोसिंग, म्हणजे रोजच्या खपाची मोजून भरपाई. आधी तीन दिवस काहीही न टाकता रोज एकाच वेळी केएच मोज. समज ७.५ चं ६.६ झालं, तर रोजचा खप ०.३.

किराणातला खायचा सोडा चालतो. २०० लिटरला केएच १ ने वाढवायला ६ ग्रॅम, म्हणजे ०.३ साठी रोज २ ग्रॅमला किंचित कमी. आरओ पाण्यात पूर्ण विरघळवून, जोरदार प्रवाहात, हळूहळू. दिवसात १ च्या वर केएच हलवू नका. बेकिंग पावडर मात्र अजिबात नको, त्यात आम्ल असतं.

केएच २.८ उतरतं तेव्हा कॅल्शियम २० उतरतं. तुमच्या खपाला रोज जेमतेम २, जे किटवर दिसणारही नाही. म्हणून केएच दिवसाआड, कॅल्शियम आठवड्यातून एकदा. भरपाईला कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट रोज दीड ग्रॅम. सोडा आणि हे कधीही एका भांड्यात नको, मध्ये अर्धा तास जाऊ द्या.

पंचगंगाकाठ:
घरच्या आरओचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजलात का? चवीसाठी त्यात मिनरल काडतूस किंवा टीडीएसचा स्क्रू असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. पिण्याला ठीक, टँकला नाही. मिनरलच्या आधीच नळी काढून डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारा फिल्टर) जोडा. मीटरवर ० हवा, २-३ आला की रेझिन बदला. पावसाळ्यात गढूळ पाण्याने सेडिमेंट फिल्टर लवकर तुंबतो, त्याच्या तारखेची वाट बघू नका.

पीएचबद्दल: टँकचं एक भांडं पाणी गॅलरीत नेऊन तासभर एअर स्टोन चालवा. ७.८ चं ८.१ झालं तर दोष पाण्याचा नाही, बंद खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडचा. खिडकी उघडा किंवा स्किमरची (बुडबुड्यांनी घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी बाहेर सोडा.

राजारामपुरी_रीफ:
मिनरल काडतूस आहे! टीडीएस ४८ आला. मग रत्नागिरीहून कॅनमध्ये समुद्राचंच पाणी आणलं तर? आणि रोज वजन करण्याऐवजी चुन्याची निवळी चालेल?

मीठमोजणी:
पावसात किनाऱ्याचं पाणी गोड्या पाण्याने पातळ आणि गाळाचं होतं, बंदराजवळ तेल. नकोच. आणि तिकडून प्रवाळाचा तुकडा तर मुळीच उचलू नकोस, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे तो.

निवळी चालेल, आणि पीएचलाही हात देते. कॅल्शियम हायड्रॉक्साइड शुद्ध घे, पानाचा चुना नको. लिटरला २ ग्रॅम, ढवळून झाकून ठेव, वरचं नितळ पाणीच वापर. एक लिटर निवळीने तुझ्या टँकचं केएच ०.५७ वाढतं, म्हणजे रोज अर्धा लिटर बास. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, तेव्हा रात्री, थेंब-थेंब.

फक्त ती ऑटो टॉप-अपच्या (उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्रणेच्या) टाकीत भरू नकोस. एप्रिलमध्ये पाणी दाबून उडतं आणि जुलैत जवळपास उडतच नाही, त्यामुळे डोस हवामानावर वर-खाली होत राहील. वेगळा डोसिंग पंप लाव, बाकीचं पाणी टॉप-अपला साधं.