फड पद्धतीकडून आज खरंच काही शिकता येईल, की नुसतं जुनं ते सोनं?

पांझराकाठ:
दुष्काळ पडला की आपल्याकडे दोनच गोष्टी मागितल्या जातात, नवं धरण आणि टँकर. तिसरी गोष्ट धुळे-नाशिककडे कधीपासून पडून आहे, ती म्हणजे फड पद्धत. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून बंधारे आहेत, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि खालची बागायत साधारण चार फडांत, म्हणजे मोठ्या पट्ट्यांत, वाटलेली. एका फडात त्या हंगामाला एकच पीक, एकात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा असं. कुठल्या फडात काय लावायचं ते सगळे बसून ठरवायचे, आणि नदीला पाणी कमी दिसलं तर ऊस कमी करायचा नाहीतर एखादा फड सरळ पडीक ठेवायचा. बऱ्याच जणांचे तुकडे सगळ्या फडांत विखुरलेले असायचे, त्यामुळे एक फड पडीक राहिला तरी झळ एकट्यादुकट्याला बसत नसे.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो पाटकरी. शेतकऱ्यानं स्वतः बारं, म्हणजे पिकाला पाणी, द्यायचंच नाही. पाटकरी फावडं घेऊन येणार, चारी फोडणार, वाफा भरला की चार फावडी माती टाकून तोंड बंद करणार आणि पुढचा उघडणार, मग मालक पाटील असो नाहीतर दीड बिघेवाला. मजुरी धान्याच्या रूपात, सगळ्या लाभधारकांकडून. पिकाच्या राखणीला जागल्या वेगळा. पाणी सोडणारा हात एकच असल्यामुळे रात्री चोरून पाणी फिरवायला वावच कमी.

आज आपण बरोब्बर उलटं करतो, आधी ऊस लावतो नि मग आवर्तन, म्हणजे धरणाच्या पाण्याची पाळी, वाढवून द्या म्हणून मोर्चा काढतो. पाणी बघून पीक ठरवायचं हा साधा क्रम आपण मोडला आणि मग २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यायची वेळ आली. माझं म्हणणं एवढंच आहे की तो क्रम परत आणावा लागेल.

कोरडवाहू_कन्या:
दादा, माहिती चांगली दिलीत पण "सगळे बसून ठरवायचे" हे वाक्य मला खटकलं. सगळे म्हणजे कोण? ज्याची फडात जमीन तोच ना? मग ज्याला जमीनच नव्हती, जो पिढ्यानपिढ्या गावकीची कामं करून बलुत्यावर जगला, तो त्या बैठकीत कुठं होता आणि त्याची बायको कुठं होती? ज्या गावकीची आपण आठवण काढतो त्याच गावकीत पाणवठे वेगळे होते. १९२३ ला मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव पास झाला की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले, तरी चवदार तळ्याचं पाणी प्यायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन महाडला जावं लागलं, आणि त्यानंतरही कोर्टकचेरी झालीच. पाण्याचा इतिहास शिकायचा तर हाही शिका. मला जुन्या एकोप्यापेक्षा सातबाऱ्यावर आणि कायद्यात लिहिलेला हक्क जास्त भरवशाचा वाटतो, कारण एकोपा कोणाच्या जिवावर उभा होता हे आमच्या आजीला विचारा.

बागलाणी:
मी त्याच पट्ट्यातला, मोसमकाठचा. फड का मोडला ते पण सांगा की पांझराकाठ भाऊ. वर हरणबारी झालं, आरमवर केळझर झालं, नदीचं वाहतं पाणी बंधाऱ्याला मिळायचं ते धरणाच्या आवर्तनावर गेलं, त्यात घरोघरी विहीर आणि मोटार आली. स्वतःची विहीर असलेला माणूस पाटकऱ्याची वाट कशाला बघेल? आणि पीक सगळ्यांनी मिळून ठरवायचं हे ऐकायला गोड आहे पण कर्ज माझ्या एकट्याच्या नावावर असतं. डाळिंबावर तेल्या रोग आला तेव्हा आमच्याकडे उभ्या बागा तोडल्या लोकांनी, तेव्हा कुठला फड मदतीला आला नाही. कांदा लावायचा की मका की द्राक्ष हे मी बाजार बघून ठरवणार, गावाच्या बैठकीत हात वर करून नाही. त्या काळी पीक घरी खायला आणि थोडं विकायला होतं, आता सगळंच विकायला आहे, हा फरक सोडून बोलून कसं चालेल.

पांझराकाठ:
ताई, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य, फडात जमिनीला पाणी होतं, माणसाला नव्हतं. पण म्हणून सगळंच टाकून द्यायचं का? पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखेंनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत सुरू केली, त्यात नेमकं हेच बदललं. पाणी जमिनीवर नाही, घरातल्या डोक्यांवर. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, आणि उसाला बंदी. म्हणजे जुन्यातलं वाटून घेणं ठेवलं आणि जुन्यातला अन्याय काढला. इतिहासाकडून मी हे असं शिकणं म्हणतोय, जशाच्या तशा नकला करायला कोणी सांगत नाही.

बागलाणी भाऊ, बाजाराचं बरोबर आहे, पण विहीर तुमची असली तरी खालचं पाणी तुमचं एकट्याचं नाही. तुम्ही २०० फूट गेलात की शेजारी ४०० जातो, मग दोघंही ८०० ला. कर्ज एकट्याच्या नावावर असतं पण पाणी आटतं तेव्हा सगळ्यांचं आटतं.

कोरडवाहू_कन्या:
पाणी पंचायत मला पण मोठी वाटते, पण मग ती राज्यभर का नाही पसरली? एका तळमळीच्या माणसावर उभं राहिलेलं काम त्याच्या माघारी किती टिकतं? पाणी अडवून सावरलेल्या नगरकडच्या हिवरे बाजारचं पण तेच म्हणतील लोक, पोपटराव पवार नसते तर? म्हणून मी कायदा म्हणते. २००९ चा भूजल कायदा आहे, अधिसूचित भागात शेतीसाठी ६० मीटरच्या खाली विंधण विहीर नाही असं त्यात आहे. तो नीट लावा.

गोदामाय:
कायदा एकटा काय करतो ते नगर-लातूरकडचे बोअर बघा, कायदा कागदावर आणि मशीन रात्री शेतात. मध्येच बोलतोय कारण दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाचं उदाहरण कोणी घेतलं नाही. तिथं १९९० च्या आसपास पहिल्या पाणी वापर संस्था निघाल्या त्या टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांच्या, ओझरकडच्या, ज्यांच्यापर्यंत पाटाचं पाणी धड पोचतच नव्हतं. नंतर सगळं लाभक्षेत्र संस्थांकडे आलं, पाणी मोजून घेतात आणि मोजल्याप्रमाणे पैसे भरतात. पीक ज्याचं त्यानं ठरवायचं, द्राक्ष लावा नाहीतर भाजीपाला, पण तुमच्या कोट्यात बसवा. बागलाणी, तुमचा पीक-स्वातंत्र्याचा प्रश्न इथं सुटतो. आणि ताई, २००५ चा सिंचन व्यवस्थापनाचा कायदा असल्या संस्था उभ्या राहिल्यावर आला, म्हणजे आधी लोकांनी करून दाखवलं मग कायद्यानं शिक्का मारला.

बागलाणी:
कोटा मोजून मिळणार असेल आणि पीक माझं मी ठरवणार असेन तर मी तयार आहे, खरंच. पण वाघाडला पाटाचं पाणी आहे, त्याला गेट आहे, मीटर आहे. जमिनीखालच्या पाण्याला गेट कुठून आणणार? पाण्याचा ताळेबंद मांडायचा तर माझ्या शेजाऱ्याची विहीर, वरच्या आळीतल्याचे तीन बोअर सगळं वहीत यायला पाहिजे, आणि ते लिहिणारा माणूस गावातल्या कुठल्याच गटाचा नको. पाटकऱ्यासारखा माणूस नेमायचा असेल तर त्याचा पगार मी माझ्या वाट्यानं द्यायला तयार आहे.

कोरडवाहू_कन्या:
नेमा, पण त्या वहीत पहिलं पान पिण्याच्या पाण्याचं असू दे, दुसऱ्यावर ज्यांना जमीन नाही त्यांच्या जनावरांचं आणि परसबागेचं, आणि मग तुमची द्राक्षं. वही लिहिणारी बाईच असावी असंही माझं म्हणणं आहे, कारण हंडा घेऊन कोण किती लांब जातं ते तिला कोणी सांगावं लागत नाही.