प्रतिकारशक्ती वाढवणारी फवारणी द्राक्षाच्या डाऊनी-भुरीवर खरंच चालते का?

द्राक्षवाला_तासगाव:
राम राम मंडळी. थॉमसन जातीची द्राक्षं आहेत दोन एकर, फळछाटणीला ३२ दिवस झालेत आणि काल संध्याकाळपासून आभाळ भरून आलंय. दुकानदारानं एक बाटली दिलीय, म्हणतो समुद्री शेवाळ आणि वनस्पती अर्क आहे, वेलीची इम्युनिटी वाढते, डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांना बुरशीनाशकाची गरजच नाही. माल एक्स्पोर्टला द्यायचाय, फळात औषधाचा अंश (रेसिड्यू) नको म्हणून मोह होतोय. कुणी वापरलंय का?

स्वाती_रोगशास्त्र:
दादा, मागचं विज्ञान खरं आहे, पण "गरजच नाही" हे खोटं आहे. तपकिरी शेवाळात लॅमिनारिन नावाची साखरेची लांब साखळी असते आणि डाऊनी-भुरीच्या पेशीभित्तिकेत, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या भिंतीत पण त्याच जातीचे घटक असतात, त्यामुळे फवारलं की पानाला वाटतं रोग आला आणि ते आपलं संरक्षण आधीच सुरू करतं, भित्तिका जाड करतं, द्राक्षात रेसवेरॅट्रॉल, व्हिनिफेरिन असली बुरशीला त्रासदायक द्रव्यं बनवायला लागतं. सॅलिसिलिक ॲसिडचंही तसंच, ॲस्पिरिन त्याच्यापासूनच बनतं. १९७९ मध्ये तंबाखूच्या पानात ॲस्पिरिन टोचून बघितलं तर मोझॅक या विषाणू रोगाचे डाग कमी पडले, आणि १९९० मध्ये कळलं की रोग लागल्यावर तंबाखू आणि काकडी सॅलिसिलिक ॲसिड स्वतःच वाढवतात. मला अजूनही याचं फार नवल वाटतं. पण हे शेवाळ अर्क बुरशीला थेट मारत नाहीत. झाडाला तयारीला वेळ लागतो, म्हणजे रोग यायच्या आधीच द्यायला हवं, आणि असर काही दिवसांनी ओसरतो म्हणून परत परत द्यावं लागतं.

निफाडचा_बागायतदार:
ताईंचं बरोबर आहे, मी हे भोगलंय. पहिल्या वर्षी पानामागं डाऊनीचा पांढरा थर दिसल्यावर मारलं, काहीच झालं नाही, घड गेले, रात्रभर झोप नव्हती. पुढच्या वर्षी पोंगा अवस्थेनंतर (डोळे फुटायला लागल्यावर) लगेच सुरू केलं, मध्ये मध्ये स्पर्शजन्य (पानावर राहून काम करणारं) बुरशीनाशक ठेवलं, पावसाच्या अंदाजाला आंतरप्रवाही (पानात शिरणारं) द्यायचं चुकवलं नाही, तेव्हा बाग राहिली आणि शेवटच्या फवारण्या कमी लागल्या. आणि हो, सॅलिसिलिक ॲसिड घरी अंदाजानं विरघळवून मारू नका, माझ्या शेजाऱ्याच्या कोवळ्या पानांच्या कडा करपल्या.

द्राक्षवाला_तासगाव:
बाटलीवर घटक कुठले, किती टक्के, काहीच लिहिलेलं नाही हो. नुसतं वेलीचं चित्र.

स्वाती_रोगशास्त्र:
मग अजिबात मारू नका दादा. जैविक म्हणून विकलेल्या मालात कधी कधी रासायनिक कीटकनाशक मिसळलेलं सापडतं, आणि ते एक्स्पोर्टच्या तपासणीच्या नमुन्यात निघालं की तुम्ही काय सांगणार? २०१० ला युरोपात क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून आपल्या द्राक्षांचं किती नुकसान झालं ते आठवतंय ना. घटक छापलेलं, नोंदणी नंबर असलेलंच घ्या, पक्कं बिल घ्या. आणि आज आभाळ आहे म्हणताय तर पानांवरची ओल सुकल्याबरोबर शिफारशीतलं डाऊनीचं औषध द्या, इम्युनिटीचं नंतर बघू.

द्राक्षवाला_तासगाव:
बाटली परत करतो उद्या सकाळीच. पुढच्या छाटणीला चांगलं घेऊन चार ओळींवर पोंग्यापासून मारून बघणार, बाकी बाग नेहमीसारखी. पानांवरची ओल सुकली की आजच टाकी भरतो.