सप्टेंबरातली ट्रेल रेस, आणि ‘सोलापुरात बघायला आहेच काय?’

रानवाट
परवा ग्रुपवर एका पोरानं विचारलं, पावसाळा सरताना पळायला एखादी देखणी ट्रेल रेस, म्हणजे मातीच्या रानवाटेवरची शर्यत, सुचवा. त्याला घाटमाथा यांचं उत्तर: ‘सातारा, नाहीतर सरळ लडाख. सोलापुरात बाभळी आणि धुळीशिवाय आहेच काय?’ दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून इथं लिहितो.

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन ट्रेल नाही. यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या दिशेनं जायचं, परत फिरायचं. सगळं डांबर. शर्यत उत्तम आहे, मी दोनदा पळालोय. पण ज्यानं मातीची वाट विचारली त्याला डांबर का सांगता? आणि लडाख? लेहच साडेतीन हजार मीटरवर. आपण साडेचारशे मीटरवरची माणसं. तिथं आधी काही दिवस नुसतं बसून काढायचे, श्वास जुळेपर्यंत. पगारदाराची रजा त्यातच संपते.

रेस निवडताना लोक फोटो बघतात. मी बघतो एकूण चढ किती मीटर, कटऑफ म्हणजे शर्यत संपवायची मुदत किती, पाणी किती किलोमीटरवर मिळणार आणि पायाखाली काय आहे. २१ किलोमीटरमध्ये हजार मीटर चढ असेल तर पार्क स्टेडियमवरचे तुमचे दोन तास विसरा, साडेतीन धरा. आपल्याकडं सरावाला चढ म्हणजे रेल्वेपूल. हे त्या पोराला कुणी सांगितलं का?

आणि बाभळी-धूळ म्हणणाऱ्यांनी उत्तरा नक्षत्रात सोलापूरजवळचा नान्नजचा माळ पाहिलाय? पाऊस उघडला की गवतावर असा उजेड पडतो की पाय आपोआप सुटतात. लांब काळविटांचा कळप मान वर करून उभा असतो. घरी आल्यावर मोज्यातली कुसळं उपटत बसायचं. एकदा मोजा तसाच बादलीत टाकला, तर ओल लागताच कुसळाचा पीळ सुटायला लागला आणि ते डोळ्यांदेखत गरगर फिरत विणीत आणखी आत घुसलं. मला ते सुद्धा आवडतं. त्या माळावर १५ किलोमीटरची एक शर्यत व्हावी, असं मनापासून वाटतं.

घाटमाथा
रानवाट, मी जुळे सोलापुरात वाढलोय, मला सोलापूर शिकवू नका. डांबराचा मुद्दा मान्य. बाकी काही मान्य नाही.

मे महिन्यात पहाटे पाचला पळायला निघालं तरी भिंती गरम असतात. दोन वर्षं तसा पळालो. मग एका सप्टेंबरात यवतेश्वरच्या वळणावर ढग अंगावरून गेला. पुढचा माणूस दिसेना, नुसते बुटांचे आवाज. मी कडेला उभा राहून रडलो. वडील जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. त्या दिवशी चढ किती मीटर होता ते आजही मला माहीत नाही. देखणी जागा बघून रेस निवडणं तुम्हाला उथळ वाटत असेल, तर तुम्ही कशासाठी पळता ते तरी सांगा.

माळावरची
मूळ पोस्टमधलं शेवटचं वाक्य वाचून हात थरथरले. नान्नजला शर्यत? सप्टेंबरात? माळढोक जमिनीवर अंडं घालतो, तेही बहुतेक वेळा एकच, आणि ते याच पावसाळी महिन्यांत. नुसता माळढोक नाही, चंडोलांपासून कितीतरी पक्ष्यांचं घरटं गवताच्या बुडाशी असतं. तिथून तीनशे बूट नेणार? देशात माळढोक उरलेत दीडशेच्या आसपास, बहुतेक राजस्थानात. आपल्याकडं दिसला तर बातमी होते. तुम्ही एकटे पळता तेही बंद करा.

शिवारातला
ताई, माळढोकाचं नाव काढलंच आहे तर आमचंही ऐका. १९७९ ला अभयारण्य झालं. क्षेत्र किती? ८,४९६ चौरस किलोमीटर. गावंच्या गावं त्यात, सोलापूर शहराचा भागसुद्धा. पुढं ते १,२२२ वर आणलं, पण मधली तीस वर्षं आमची गेली. बहिणीच्या लग्नाला दोन एकर विकायला काढायचे होते. परवानगीसाठी माझा बाप एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत वर्षभर फिरला. शेवटी सावकाराकडनं पैसे उचलले. पक्षी आम्ही मारला नाही, आणि शिक्षा आम्हाला.

माळावरची
दादा, तुमच्या वडिलांना झालेला त्रास खरा आहे, मी नाकारत नाही. पण माळ गेला कुठं? उजनीचं पाणी आलं आणि जिथं गवत होतं तिथं ऊस उभा राहिला. अभयारण्याचा कागद नसता तर उरलेला माळही नांगरला गेला असता.

शिवारातला
ऊस लावू नको तर काय लावू? ज्वारीला भाव देता? तुम्ही दुर्बीण घेऊन रविवारी येता, गाडीत बसून जाता. काय बोलायलाव तुम्ही! लहानपणी मी माळढोक बघितलाय, शेरडं राखताना, इथून तिथं त्या लिंबापर्यंत एवढ्या अंतरावर. नर मान फुगवून उभा होता. तुमच्याइतकाच तो माझा होता. तो गेला तेव्हा आम्हाला कुणी विचारलं का?

माळावरची
रविवारची दुर्बीण म्हणालात ते लागलं. अकरा वर्षं मी पाणवठ्यांवर मोजणीला बसतेय, उन्हाळ्यात, रात्रभर मचाणावर. पण तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही.

घाटमाथा
धागा पळण्याचा होता. आणि ताई, हाच नियम कासला लावा की. पठार जवळजवळ बाराशे मीटरवर, पश्चिम घाटाबरोबर २०१२ पासून जागतिक वारसा यादीत. तिथंही जांभ्यावर मातीचा पातळ थर आणि त्यातच सगळी फुलं.

माळावरची
लावतेच. म्हणून तुमची डांबरी शर्यत मला चालते. रस्ता सोडून कुणी फुलांत उतरत नाही तोवर.

रानवाट
म्हणजे मातीवर पळणारा गुन्हेगार आणि डांबरावर पळणारा निसर्गप्रेमी. छान न्याय आहे.

पहाटपाळी
चिडू नका रानवाट. वय ५४, मी तीन ट्रेल रेस केल्यात, म्हणून बोलते. तुमच्या यादीत पायाखालचं एका शब्दात उरकलंय, आणि तिथंच माणूस पडतो. सप्टेंबरात सह्याद्रीतल्या काळ्या कातळावर शेवाळ असतं, ओलं दिसतही नाही. मावळातल्या एका शर्यतीत उतारावर पाय गेला, मनगट मोडलं. मार्शल पोचायला पाऊण तास लागला. आयोजकांनी आधी सांगितलं होतं दर दोन किलोमीटरवर माणूस असेल.

आणि आपली काळी माती? आपल्याकडं सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरातच पडतो. पावसानंतर शंभर पावलं टाकली की एकेका बुटाला किलोभर चिखल. माळ मुरमाड आहे म्हणून तिथं पळता येतं, शिवारातून नाही.

वाऱ्या-पावसाचंही हसण्यावारी नेऊ नका. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक वारा, गारा, थंडी आली आणि २१ धावपटू गारठून गेले. तेव्हापासून जी रेस जॅकेट, शिट्टी सक्तीची करते तिचीच फी मी भरते. त्या पोरानं पहिली रेस दहा-बारा किलोमीटरची घ्यावी. डोंगर तर डोंगर, पण कटऑफ सैल असलेला.

रानवाट
ताई, मनगटाचं वाचून वाईट वाटलं. पायाखालचं मी नीट लिहायला हवं होतं, हे कबूल.

नान्नजची शर्यत मागे घेतो. आनंदानं नाही. सात वर्षं त्या कडेनं पळतोय, एकाही घरट्याला धक्का लागला नाही, असं आत्ता लिहिणार होतो. मग वाटलं, लागला असेल तर मला कळणार कसं? अंडं गवताच्याच रंगाचं. पाऊसकाळ संपेपर्यंत तिकडं पाय ठेवणार नाही.

पण ‘सोलापुरात काही नाही’ हे ऐकून घेणार नाही. कोजागरीला निम्मं शहर तुळजापूरला चालत निघतं, पंचेचाळीस किलोमीटर, कित्येक जण अनवाणी. त्या गावाला पळायची वाट सापडत नाही म्हणता?

घाटमाथा
‘काही नाही’ हे शब्द चुकले. लडाख मागे घेतो, पहिल्या रेससाठी. सातारा घेत नाही.

शिवारातला
आमच्या विहिरीपासून ओढ्यापर्यंत मुरमाची पाणंद आहे, जाऊन-येऊन सहा किलोमीटर भरेल. अभयारण्याच्या बाहेर. दोन्ही बाजूंना तूर. त्या पोराला आणा. चार दिवस पाऊस उघडला तरच या. आणि दुर्बीणवाल्या ताईंनाही आणा, तो लिंब अजून उभा आहे, दाखवतो.

माळावरची
येते. पळणार नाही, चालेन.