वीस रुग्णांशी बोलून काय सिद्ध होतं?

ओसरी:
गेले आठ महिने टीबीच्या रुग्णांच्या मुलाखती घेतेय. परवा एका डॉक्टरमित्राने हाच प्रश्न विचारला, म्हणून हा धागा. रजिस्टरात शेरा असतो, 'औषध सोडले'. त्यातल्या एक बाई सांगत होत्या, गोळ्या सुरू झाल्या आणि लघवी केशरी-लाल व्हायला लागली. त्यातल्या रिफॅम्पिसिन या औषधाने तसं होतंच, घाबरायचं कारण नसतं, पण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. चाळीतला सामाईक संडास. कुणी बघेल म्हणून दोन-दोन बादल्या पाणी ओतायच्या. तिसऱ्या आठवड्यात गोळ्याच बंद. हे कुठल्या रकान्यात भरू?

आकडेमोड:
किस्सा बोलका आहे, पण किस्साच. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीत दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या, ९२ टक्क्यांना स्त्रीरोग निघाले. १९८९ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. नुसत्या मुलाखती छापल्या असत्या तर कोण हललं असतं?

ओसरी:
उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत! त्यातल्या जेमतेम ८ टक्के बायकांची आधी कधी तशी तपासणी झाली होती. बाकीच्या कुठल्याच रजिस्टरात नव्हत्या. काय मोजायचं हे कळायला आधी कुणाचं तरी ऐकावं लागतं.

पीएचसीवाला:
मी प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसी) काम करतो, माझीही मुलाखत झालीय. बाहेर ओपीडीची रांग, शेजारी तालुक्याचे साहेब. "समुपदेशन करता का?" "हो, करतो." दुसरं काय सांगणार? रुग्णालाही तुम्ही सिस्टरसमोर विचारता. तो म्हणणार, सगळं बरंय. याला अनुभव म्हणायचं?

ओसरी:
हे मात्र लागलं. पहिल्या महिन्यात माझ्या वहीत पानोपानी 'चांगली वागणूक मिळते'. मग घरी जायला लागले, तर तिथे नवराच उत्तरं देतो. त्या बाई बोलल्या त्या नळावर, पाण्याची वाट बघताना, रेकॉर्डर पिशवीत बंद. वापरू का, हे नंतर जाऊन विचारून आले.

आकडेमोड:
म्हणजे सगळ्यात कामाची माहिती रेकॉर्डच झालेली नाही. पडताळणार कशी?

बराझालेला:
मी यातून गेलोय. टीबीच्या रुग्णाला सरकारकडून मिळणारे पोषणाचे पैसे तेव्हा महिना ५०० होते (नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले). खात्यात आले का, हे विचारायला तीनदा फोन. गोळ्यांनी उलटी होते का, एकदाही नाही. ते विचारलं मुलाखतवाल्यांनीच, हे खरं. पण दीड तास बोललो, चहाही मीच पाजला, पुढे त्या अहवालाचं काय झालं कुणी कळवलं नाही. धागाकर्तीने तरी कळवावं.

पीएचसीवाला:
लघवीचं पहिल्याच दिवशी सांगायचं असतं. माहीत आहे. गर्दीत राहून जातं. उद्यापासून गोळ्यांच्या पाकिटावरच लिहून देतो.

आकडेमोड:
द्या. आणि त्यानंतर किती जणांनी सोडल्या, तेवढं मोजा.