बुरशी धरलेल्या व्हीएचएस, आरत्यांच्या कॅसेट आणि जुन्या व्हीसीडी: कशात आणि कशा उतरवायच्या?

डिचोलीकर

नमस्कार मंडळी. देवळाच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत जत्रेतल्या मराठी नाटकांच्या वीसेक व्हीएचएस कॅसेट मिळाल्या. सोबत घुमट-आरत्यांच्या (घुमट म्हणजे मातीचं चर्मवाद्य) ऑडिओ कॅसेट (बऱ्याचशा सी-९०, म्हणजे दीड तासाच्या), काही व्हीसीडी आणि कोणाच्या तरी प्लेस्टेशन १ च्या चार डिस्क. व्हीएचएसच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसते. एका स्टुडिओवाल्याचं म्हणणं, "आणून द्या, डीव्हीडी करून देतो." आरत्या चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) ऐकायला मिळाल्या तर उत्तम, नाटकांना घाई नाही. व्हीसीडीतल्या फायली कॉपी करताना अर्ध्यावर एरर येते. घरी एक चालू व्हीसीआर आहे. सुरुवात कुठून करावी? आणि डीव्हीडी करून घ्यावी का?

टेपडेक_मडगाव

भाऊ, पहिली गोष्ट म्हणजे त्यातली एकही कॅसेट त्या व्हीसीआरमध्ये घालू नका. ती भुकटी बुरशीच आहे. कॅसेट फिरली की ती हेडच्या (टेप वाचणाऱ्या भागाच्या) बारीक फटीत बसते, चित्र जातं, आणि पुढची स्वच्छ कॅसेट घातली की तिलाही लागते. फुनाई ही व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, तिनेही २०१६ च्या जुलैत उत्पादन बंद केलं. चालू यंत्र आता कॅसेटइतकंच जपायला हवं.

आधी सुकवणं. आपल्याकडे गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली क्वचितच येते आणि ६५-७० च्या वर बुरशी जिवंत राहते. घट्ट झाकणाचा, रबरी कडेचा प्लास्टिकचा डबा घ्या. साधारण २० लिटरच्या डब्यात पाव ते अर्धा किलो सिलिका जेल कापडी पिशवीत घालून ठेवा आणि आत एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक टाका. आकडा ४० टक्क्यांच्या आसपास स्थिरावला पाहिजे. टेप घट्ट गुंडाळलेली असते, आतला ओलावा सावकाश निघतो, म्हणून दोन-तीन आठवडे धरा. रंग बदलणारं जेल ओलं दिसलं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास ठेवून परत वापरा. कॅसेट मात्र उन्हात, ओव्हनमध्ये किंवा तांदळाच्या डब्यात अजिबात नको. ऊन लागलं की टेप वाकडी होते आणि ती परत सरळ होत नाही.

सुकलेली बुरशी भुरभुरीत होते आणि सहज सुटते. हे काम अंगणात, एन९५ मास्क आणि हातमोजे घालून करा, स्वयंपाकघरात तर नकोच. कॅसेट पालथी करून खालचे पाच स्क्रू काढा (गंजलेले असतील तर स्क्रूड्रायव्हर नीट दाबून फिरवा, एकदा डोकं झिजलं की ड्रिलशिवाय गत्यंतर नाही). कॅसेटचे दोन्ही अर्धे भाग धरून ती सुलटी करा, मग वरचं झाकण उचला. टेप कोणत्या रोलरवरून जाते त्याचा मोबाइलवर फोटो काढा, त्याशिवाय पुढे जाऊ नका. गुंडाळीच्या कडा मऊ ब्रशने झाडा. धागे न सुटणारं कापड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलं करून त्यातून टेप हळूहळू दुसऱ्या रीळवर घ्या. दवाखान्यातलं ७० टक्केवालं नको, त्यात पाणी असतं. शेवटी दोन्ही रीळं तशीच उचलून एखाद्या टाकाऊ पण स्वच्छ कॅसेटच्या खोळीत बसवा. टेप कापायची गरज पडत नाही.

टेप तुटलेली असेल तर चुरगळलेला भाग कापून स्प्लायसिंग टेपनेच, आणि मागच्या बाजूने जोडा. सेलोटेपचा गोंद पाझरतो आणि सरळ हेडच्या ड्रमवर जातो.

पेडणे_पिक्सेल

सुकवण्याबद्दल वरच्याशी सहमत. डीव्हीडीला माझा साफ विरोध. डीव्हीडीत एमपेग-२ करताना चित्र दाबलं जातं, पुढे मोबाइलसाठी परत दाबावं लागतं, आणि घरी बर्न केलेल्या डिस्कचा डाय (माहिती धरणारा रंगाचा थर) आपल्या दमट हवेत किती वर्षं टिकेल याची खात्री कोणी देत नाही. स्टुडिओवाल्याकडे द्यायचंच असेल तर "डिस्क नको, फाइल हार्डडिस्कवर द्या, डीइंटरलेस करू नका (अर्धचित्रं जोडून एक करू नका)" असं लिहून द्या. तो का म्हणून विचारायला लागला तर दुसरा माणूस शोधा.

घरी करायचं तर व्हीसीआरच्या पिवळ्या व्हिडिओ आउटमधून सिग्नल घ्या, अँटेनाच्या आरएफ वायरीतून नको. यूएसबीची अगदी स्वस्त काडी (कॅप्चर स्टिक) बहुतेक निराश करते. व्हीएचएसच्या सिग्नलचा वेळ थरथरतो (ओळी नेमक्या वेळेवर येत नाहीत), काडीच्या चिपला ते झेपत नाही, ती फ्रेम गाळते, आणि दोन तासांच्या नाटकात शेवटी ओठ एकीकडे नि संवाद दुसरीकडे. हॉपॉज यूएसबी-लाइव्ह २ सारखं बरं कार्ड घ्या. मधे जुना पॅनासॉनिक डीव्हीडी रेकॉर्डर (डीएमआर-ईएस१० किंवा ईएस१५) मिळाला तर सिग्नल फक्त त्याच्यातून जाऊ द्या, त्यात रेकॉर्डिंग करायचं नाही. तो ओळी सरळ करून देतो आणि वाकडे खांब सरळ उभे राहतात.

कॅप्चर (सिग्नल संगणकात घेणं) व्हर्च्युअलडब या प्रोग्रॅममध्ये: ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, ४:२:२, हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ कोडेक. तासाला ३० जीबीच्या आसपास जागा लागेल. ही मूळ प्रत इंटरलेस्डच ठेवायची. लोकांना वाटण्यासाठी एफएफएमपेगमधल्या बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टरने ५० फ्रेमची प्रत काढा, एच.२६४, सीआरएफ (गुणवत्तेचा आकडा) १८. सेकंदाला ५० का, तर पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) व्हिडिओत सेकंदाला ५० अर्धचित्रं असतात. २५ केलीत तर नाटकातली तलवारबाजी अडखळत दिसते. चौकट ४:३ ठेवा, ताणून १६:९ केलेली पात्रं बघवत नाहीत. खालच्या आठ-दहा ओळींत जी फाटकी रेघ दिसते ती एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जाण्याची खूण आहे, बिघाड नव्हे. वाटायच्या प्रतीत झाका.

घुमटवाला

आरत्यांचं मी सांगतो. चवथ जवळ आहे म्हणून बाजारातला छोटा यूएसबी कॅसेट प्लेअर घ्यायचा मोह होईल. त्यात वेग डोलतो आणि हेडची दिशा जुळवायची सोय नसते. त्यापेक्षा जुना डेक शोधा, पट्टा आणि पिंच रोलर (टेप पुढे ओढणारा रबरी रोलर) नवा घाला. रोलर चकचकीत झाला असेल तर तोच टेप खातो.

प्रत्येक कॅसेट वेगळ्या रेकॉर्डरवर भरलेली, म्हणून हेडचा कोन वेगळा. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवाला स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून, आवाज मोनो करून, तो पाव पाव फेरा फिरवा. झांजेची किणकिण जिथे सर्वांत उघडी ऐकू येते तिथे थांबा. शामेळाचा (घुमटासोबत काठीने वाजवायच्या वाद्याचा) कडक ठोकाही त्याच जागी स्पष्ट होतो. नवरात्र असो की चवथ, हे न करता उतरवलेल्या सगळ्या आरत्या घोंगडी पांघरल्यासारख्या ऐकू येतात, आणि नंतर इक्वलायझरने कितीही ट्रेबल वाढवली तरी फक्त खरखर वाढते.

खिडकीजवळच्या पत्तीवरचा नमद्याचा तुकडा निखळला असेल तर आवाज येतो-जातो. चांगल्या खोळीत टेप बदला. रेकॉर्डिंग २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्ही फाइल, तासाला साधारण २ जीबी. सर्वांत मोठा ठोका उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. एक लक्षात घ्या, त्या काळच्या रेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप ठरायची. घुमटाचा जोरदार घाव पडला की गायकाचा आवाज क्षणभर दबतो आणि मग हळूहळू वर येतो. ते टेपवरच तसं आहे, डेक बदलून जाणार नाही. नॉइज रिडक्शन लावायचं तर वाटायच्या प्रतीवरच, तेही थोडं. जास्त केलं की घुमटाची शेपटीच कापली जाते.

काळी_डिस्क

व्हीसीडी आणि प्लेस्टेशनच्या डिस्क, दोन्हींचं दुखणं एकच. नेहमीच्या डेटा सीडीत एका सेक्टरमध्ये २०४८ बाइट असतात आणि सोबत चुका सुधारायची जादा माहिती. व्हीसीडीत ती जादा माहिती काढून व्हिडिओला २३२४ बाइट दिलेत. म्हणून जो ओरखडा डेटा सीडी पचवते तिथे व्हीसीडी अडकते. आयएसओ प्रत काढू नका, ती २०४८ धरून चालते. आयएमजीबर्नमध्ये बिन-क्यू प्रत (डिस्क जशीच्या तशी उतरवणारी दोन फायलींची जोडी) काढा, वेग शक्य तितका कमी, आणि एका ड्राइव्हने नाकारली तर दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह लावून बघा. फरक पडतोच. नंतर एमपेगएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल पुन्हा न दाबता तशीच एमपीजीमध्ये काढता येते. चित्र ३५२ बाय २८८ च आहे, मोठं करून नवीन काही मिळत नाही.

प्लेस्टेशन १ च्या डिस्कलाही बिन-क्यूच हवं. कित्येक गेममध्ये संगीत वेगळ्या ऑडिओ ट्रॅकवर असतं, आयएसओ केली की गेम चालतो पण संगीताशिवाय. आणि डिस्क पुसताना आतून बाहेर सरळ, गोल गोल नाही. छापील बाजूला जास्त जपा, सीडीचा चमकणारा थर लाखेच्या पातळ लेपाखाली तिथेच असतो. त्या बाजूने आरपार उजेडाचे ठिपके दिसले तर तेवढा डेटा गेला. बाकी प्लेस्टेशन ५ प्रो डिस्क ड्राइव्हशिवायच विकायला आला, तेव्हा डिस्क सांभाळणारे आपण लवकरच हौशी संग्राहक म्हणून ओळखले जाणार. मला चालेल.

डिचोलीकर

सर्वांचे आभार. डबा आणि जेल आणलं. दोन शंका. एका कॅसेटवर "न्यू जर्सी" लिहिलंय, ती वेगळी उतरवावी लागेल का? आणि बंद खोलीतून बाहेर काढलेला व्हीसीआर लावल्यावर "ड्यू" असं दाखवतो आणि कॅसेट घेत नाही.

पेडणे_पिक्सेल

अमेरिकेची म्हणजे एनटीएससी: ७२० बाय ४८०, २९.९७ फ्रेम. आखातातून आलेल्या असत्या तर बहुधा पालच, मग काही अडचण नव्हती. तुमचा व्हीसीआर "एनटीएससी प्लेबॅक"वाला असेल तर तो पाल-६० नावाचा मिश्र सिग्नल देतो. टीव्हीवर दिसतो, पण कॅप्चर कार्ड तो नाकारतं किंवा काळं-पांढरं दाखवतं. कार्डाच्या सेटिंगमध्ये पाल-६० आहे का बघा, नसेल तर मल्टिसिस्टिम व्हीसीआर मागून आणा.

"ड्यू" म्हणजे ड्रमवर दव धरलंय. व्हीसीआर चालू करून, कॅसेट न घालता दोन-तीन तास ठेवा, अक्षरं आपोआप जातील. हेअर ड्रायर मारू नका. ओल्या ड्रमला टेप चिकटली तर गुंडाळली जाते, आणि मग ती सोडवताना हेडच मोडतं.