रोटेशनला मराठीत काय म्हणायचं: परिवलन, परिभ्रमण की नुसतं फिरणं?

विहीरकाठ:
मोनोब्लॉक पंपाच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करतेय. त्यात 'डायरेक्शन ऑफ रोटेशन' तपासा असं आहे, मी लिहिलं 'मोटर कुठल्या बाजूला फिरते ते बघा'. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'परिभ्रमणाची दिशा' केलं, का तर फिरणं हा बोलीतला शब्द. अहो थ्री फेजच्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते, पंप चालू दिसतो पण पाणी धड उचलत नाही, आणि माणूस वायरमनची वाट बघत बसतो. पंपावर बाण असतो तो बघा एवढंच सांगायचंय. आमच्याकडे लहान पोरसुद्धा 'मोटर उलटी फिरतीये' म्हणतं. काय ठेवू?

खडूफळा:
भूगोल शिकवतो म्हणून सांगतो, परिभ्रमण तर साफ चूक. स्वतःच्या आसाभोवती ते परिवलन, दुसऱ्याभोवती ते परिभ्रमण. पृथ्वीचं परिवलन २३ तास ५६ मिनिटांचं, परिभ्रमण ३६५ दिवस आणि वर साधारण ६ तासांचं. मोटरचा शाफ्ट जागच्या जागीच फिरतो, तेव्हा परिवलन.

रूपसिद्धी:
परिवलनच. फिरणं म्हणजे सकाळी टेकडीवर जाणंही आणि डोकं बिघडणंही. तांत्रिक लिखाणात शब्दाला एकच अर्थ हवा, नाहीतर मराठीत शास्त्र कधी लिहायचं?

विहीरकाठ:
मोटर फिरते म्हटल्यावर कोणाचा गैरसमज होतो ते दाखवा ना.

तिसरी घंटा:
हा फरक इंग्रजीत तरी कुठे पाळतात? आरपीएममधला आर रिव्होल्यूशनचा, आणि फिरतो तो शाफ्ट जागच्या जागीच. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडरही तसंच. नाटकात रिव्हॉल्व्हिंग स्टेज, १९६२ साली 'तो मी नव्हेच' आलं तेव्हापासून मराठी प्रेक्षक त्याला फिरता रंगमंच म्हणतोय. माझे काका बॅकस्टेजला होते, ते म्हणायचे 'रंगमंच फिरवला'. काही अडलं नाही कोणाचं.

खडूफळा:
रिव्होल्यूशनवरून आठवलं, कोपर्निकसच्या १५४३च्या ग्रंथाच्या नावात हाच शब्द आहे, आकाशगोलांच्या फिरण्याबद्दल. उलथापालथ हा अर्थ त्याला नंतर चिकटला. आणि बघा, आपल्या क्रांतीचंही तेच! क्रांतिवृत्त म्हणजे सूर्याचा वर्षभराचा आकाशातला मार्ग, संक्रांतही त्यातलीच. मूळ क्रम्, पाऊल टाकणं. मला हे फार सुंदर वाटतं.

पाटकरी:
आमच्या भागात रोटेशन म्हटलं की मोटर नाही, कॅनॉलला पाळीनं सोडतात ते पाणी आठवतं. 'उन्हाळी रोटेशन सुटलं का?' कागदावर आवर्तन लिहितात. त्यात शेजपाळी म्हणजे टोकाच्या शेतापासून वर वर पाणी देत यायचं, म्हणजे गोल असं काही फिरतच नाही, पाळी फिरते. पिकाचं रोटेशन म्हटलं तर फेरपालट, सोयाबीन काढून हरभरा. एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द बसवायचा हट्ट सोडा.

रूपसिद्धी:
आवर्तन म्हणता ना, मग ऐका. वृत् धातू, तीनतालाचं १६ मात्रांचं आवर्तन, अथर्वशीर्षाची आवर्तनं, सगळीकडे फिरून परत येणं आहे. अस्सल संस्कृत शब्द आणि तुमच्या बांधावर रोज चालतो. शुद्ध शब्द लोकांना कळत नाही हे कोणी ठरवलं?

विहीरकाठ:
कळतो कारण पाणी कधी सुटणार ते त्याच शब्दात पेपरात येतं. परिवलन दहावीनंतर कोणाच्या कानावर पडतं? बरं, आता दुसरी अडचण, पुढच्या पानावर क्लॉकवाइजचं त्यांनी 'सव्य' केलंय.

रूपसिद्धी:
ते मात्र घातक. संस्कृतात सव्य म्हणजे डावा, म्हणून डाव्या हातानंही बाण मारणारा अर्जुन सव्यसाची. जानवं डाव्या खांद्यावर ते सव्य, श्राद्धाला उजव्या खांद्यावर घेतात ते अपसव्य. मराठीत सव्यला घड्याळाच्या काट्यांची दिशा कशी मिळाली हा वेगळाच विषय आहे.

तिसरी घंटा:
आमच्या घरात सव्यापसव्य म्हणजे नुसती यातायात. पासपोर्टचं सव्यापसव्य, ॲडमिशनचं सव्यापसव्य.

पाटकरी:
सव्य म्हणा नाहीतर काट्याप्रमाणे म्हणा, बघायचं कुठून? मोटरच्या पंख्याकडून बघितलं तर एक दिशा, पंपाच्या तोंडाकडून बघितलं तर बरोबर उलट. पुस्तिकेत ते लिहिलंय का?

खडूफळा:
हेच! उत्तर ध्रुवाच्या वरून बघितलं तर पृथ्वी काट्यांच्या उलट फिरते, दक्षिणेकडून काट्यांप्रमाणे. म्हणून आम्ही पश्चिमेकडून पूर्वेकडे असंच शिकवतो.

रूपसिद्धी:
मग 'प्रदक्षिण' का नको? त्यात कुठून बघायचं हा प्रश्नच नाही, मधली वस्तू उजव्या हाताला ठेवून चालायचं.

तिसरी घंटा:
पण शंकराच्या देवळात सोमसूत्रापर्यंत, म्हणजे अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं तिथपर्यंत, जाऊन उलटं फिरतात, त्यालाही प्रदक्षिणाच म्हणतात की.